चित्राखालचे नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसलो असता, सर्वप्रथम एक जुनी चूक कबूल करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी निघालेल्या आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या आरंभी आम्ही एक रंगीत चित्र छापले होते. जांभळट साडी नेसलेली एक तरुण स्त्री, एका हाती तेवता दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आडोशाला, आणि त्या ज्योतीचा उजेड तिच्या मुखावर पसरलेला. चित्राखाली ‘चित्रकार : राजा रविवर्मा’ अशी ओळ आम्ही मोठ्या अभिमानाने घातली. अंक घरोघर गेला. कित्येकांनी ते पान कापून चौकटीत बसविले. मंडळाच्या सभागृहात शारदेच्या तसबिरीशेजारी ते आजवर टांगलेले आहे. इतक्या वर्षांत एकाही वाचकाने आक्षेप घेतला नाही, आणि आम्हांसही कधी शंका आली नाही.

पुढे मंडळाची सहल म्हैसूरला गेली. जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळेत मूळ चित्रासमोर आम्ही सारे उभे राहिलो, आणि आमच्यापैकी एका सभासदाची नात खालची पाटी मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता ती थांबली व म्हणाली, “आजोबा, हे तर आपल्याकडचं आडनाव आहे!” पाटीवर रविवर्म्याचे नाव नव्हते. होते एस. एल. हळदणकर यांचे. त्या क्षणी आम्हां वडीलधाऱ्यांची जी अवस्था झाली ती वर्णन करण्यात अर्थ नाही. परमुलुखात मराठीपण जपण्यासाठी ज्या मंडळाची स्थापना झाली, त्याच मंडळाने एका मराठी चित्रकाराचे नाव आपल्या हाताने पुसले होते.

नुसती दुरुस्ती छापून हा दोष फिटणार नाही, असे आम्हांस वाटते. चूक नावापुरती नव्हती, ती पाहण्यातली होती. चित्र आम्ही पंचवीस वर्षे भिंतीवर ठेवले, पण त्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर त्यातील रंगांनी व मांडणीनेच आमच्या मनात शंका उत्पन्न केली असती. त्या पाहण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

चित्रकार आणि त्याची पेठ

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडी येथे झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकावयास आले. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत त्या काळी सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते व कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे अध्यापकवर्गात होते. बर्न्स स्वतः जलरंगाचे जाणकार. मुंबईच्या चित्रकारांत व्यक्तिचित्रणाची व जलरंगाची जी भक्कम परंपरा पुढे दिसते, तिची मुळे या काळात आहेत. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था काढली. १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९६८ साली त्यांचे निधन झाले.

आपण ज्या चित्राविषयी बोलत आहोत ते १९४५-४६ मधील. इंग्रजीत ते ‘ग्लो ऑफ होप’ म्हणून ओळखले जाते. आपण त्यास ‘आशेचा उजेड’ म्हणू या. दिवाळीच्या दिवसांत आपल्या मुलीला हाती दिवा घेतलेली पाहून चित्रकारास ही कल्पना सुचली, आणि त्या कन्येनेच चित्रासाठी त्यांच्यासमोर उभे राहण्याचे काम केले, असे सांगितले जाते. तेव्हा हळदणकरांचे वय त्रेसष्टच्या आसपास होते. रविवर्मा मात्र १९०६ सालीच कालवश झाले होते. म्हणजे आम्ही ज्याच्या नावे हे चित्र छापले, तो हे चित्र निर्माण होण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी इहलोक सोडून गेला होता!

चूक का झाली?

अशी चूक करणारे आम्ही एकटे नव्हतो, एवढेच काय ते समाधान. या चित्रावर रविवर्म्याचे नाव घालण्याची चाल देशभर आहे, आणि त्यास कारणेही आहेत. १८९४ साली रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला व तेथून त्याची लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला घरोघर पोचली. तेव्हापासून साडी नेसलेली देखणी स्त्री कोणत्याही छापील चित्रात दिसली की लोक तिला ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणू लागले. त्यात भर म्हणून जगन्मोहन राजवाड्यातच रविवर्म्याची अस्सल चित्रे आहेत. एका छताखाली नांदणारी चित्रे एका घराण्याची ठरली.

यांपैकी १८८९ च्या सुमारास रंगविलेले ‘गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स’ हे तैलचित्र हळदणकरांच्या चित्राच्या तुलनेत पाहण्याजोगे आहे. त्यात अकरा स्त्रिया दाटीवाटीने एकत्र आल्या आहेत. वीणा घेतलेली शुभ्रवसना नायर स्त्री आहे, मुसलमान स्त्री आहे, पारशी आहे, पिसांच्या टोपीची युरोपीय पेहरावातील स्त्रीही आहे. प्रत्येकीचे वस्त्र, दागिना, केशरचना निराळी. येथे उजेड सर्वांवर जवळपास सारखा पडतो, कारण चित्रकारास कोणाचेही वस्त्र अंधारात ठेवावयाचे नाही. रेशमाची चमक, सोन्याचा कस, जरीचा पोत हे सारे दाखवावयाचे तर प्रकाश उदार असावा लागतो. मांडणीही तशीच, एकीचा खांदा दुसरीला टेकलेला. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांना एका चौकटीत बसविण्याची ती आकांक्षा आहे. परंतु नीट पाहिले तर त्या स्त्रियांच्या दृष्टी एकमेकींना भेटत नाहीत. अंगे जवळ आली, मने आपापल्या जागी राहिली. मंडळाच्या पहिल्या बैठकीत निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली आपली कुटुंबे सतरंजीवर कशी बसली होती, हे ज्यांना स्मरते त्यांना या चित्राचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

या दोन चित्रांत विषयाचे साम्य एवढेच की दोन्हींत साडी आहे. रविवर्म्याच्या चित्रात प्रकाश वस्तू दाखविण्यासाठी आला आहे. हळदणकरांच्या चित्रात प्रकाश हीच वस्तू आहे. हा भेद आम्ही पाहिला असता तर खालचे नाव छापण्यापूर्वी हात थांबला असता.

कागदाचा उजेड

दुसरा भेद माध्यमाचा. रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची. हळदणकरांचे हे चित्र जलरंगातील आहे. छापील प्रतीत हा फरक पुसला जातो हे खरे, पण तो फार मोलाचा आहे.

तैलरंगात चित्रकार अंधाराकडून उजेडाकडे जाऊ शकतो. गडद पार्श्वभूमी सुकली की तीवर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा जाड थर देऊन ज्योत काढता येते. ती साधली नाही तर खरवडता येते, झाकता येते, पुन्हा काढता येते. पारदर्शक जलरंगाचा न्याय अगदी उलटा आहे. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. रंगाचा पातळ थर कागदावर पसरला की त्याखालून कागदाचा शुभ्रपणा डोकावत राहतो. एकावर एक थर चढत जातात तसतसा कागद विझत जातो, आणि एकदा विझलेला कागद पुन्हा पूर्वीसारखा उजळत नाही. म्हणून सर्वांत तेजस्वी जागा कोणती हे चित्रकारास पहिला थर देण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि अखेरपर्यंत त्या जागेवर कुंचला जाऊ नये याची काळजी वाहावी लागते. उजेड रंगविता येत नाही, तो राखावा लागतो.

आता चित्रातील स्त्री काय करीत आहे ते आठवावे. तीही उजेड राखीतच आहे. वाऱ्याची झुळूक येऊन ज्योत मालवू नये म्हणून तिने तळवा आडवा धरला आहे. चित्रकाराचे हात कागदावर जे करीत होते तेच चित्रातील मुलीचे हात दिव्याशी करीत आहेत. विषय आणि माध्यम यांची अशी गाठ पडणे विरळा. हेच चित्र तैलरंगात झाले असते तर ते देखणे झाले असते, पण ही गाठ पडली नसती. चूक दुरुस्त करता येत नाही असे माध्यम त्रेसष्टाव्या वर्षी, इतक्या अवघड प्रकाशयोजनेसाठी निवडणे हा आपल्या हातावरचा केवढा विश्वास!

जांभळ्याशेजारी पिवळा

आता रंगांकडे वळू. पॅरिस येथील गोबेलां या विख्यात विणकाम-कारखान्यात मिशेल यूजेन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचा प्रमुख होता. काही काळे रंग फिके उतरतात अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती त्यास आढळले की दोष रंगात नसून शेजाऱ्यात आहे. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी बसविलेला काळा धागा आपले तेज गमावून बसतो. यावरून १८३९ साली त्याने रंगांच्या परस्परविरोधाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. कोणताही रंग एकटा नसतो, शेजारचा रंग त्यास उजळवितो किंवा मंद करितो, आणि परस्परविरोधी रंग शेजारी आले की दोन्ही अधिक प्रखर भासतात.

हा सिद्धांत आपल्या गृहिणींना शेव्रलचे नाव न ऐकताही ठाऊक आहे. दुकानात साडी पसरली की त्या प्रथम काठ पाहतात, मग अंग. वांगी रंगावर पिवळा काठ जसा उठतो तसा तो केशरीवर उठत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

पिवळ्याचा विरोधी रंग जांभळा. दिव्याचा उजेड पिवळा-नारिंगी, आणि मुलीच्या अंगावर साडी जांभळट छटेची. हा केवळ योगायोग नव्हे. तीच मुलगी पिवळ्या किंवा तांबड्या साडीत उभी केली असती तर दिव्याची सारी ऊब वस्त्रात मिसळून गेली असती. जांभळटपणामुळे दिवा आहे त्याहून पिवळा दिसतो, आणि चेहरा आहे त्याहून उबदार. साडीचा जो भाग दिव्याजवळ आहे तो त्या उबेने रंगतो, जो दूर आहे तो थंड व गडद होत जातो. म्हणजे एकाच वस्त्रावर दिव्याजवळचे घर आणि दिव्यापासून दूरचा काळोख दोन्ही आहेत. चित्राचे नाव माहीत नसलेल्या माणसालाही ते ‘आशे’चे का वाटते, याचे उत्तर या शेजारात आहे. आशा हा चेहऱ्यावरचा भाव आहे असे आम्ही समजत होतो. वास्तविक ती गडद रंगाच्या सान्निध्यात लहानशा पिवळ्याने धरलेल्या तगाचे नाव आहे.

आडवा हात

मांडणीचा विचार करता या चित्रात वस्तू किती थोड्या आहेत याचे नवल वाटते. एक मुलगी, एक दिवा. मागे देव्हारा नाही, तुळशीवृंदावन नाही, दार नाही, खिडकी नाही. कोणते गाव, कोणते घर, काही सांगितलेले नाही. उभ्या आकृतीच्या मध्यावर उजेडाची जागा आहे. दिवा, आडवा हात आणि मुख एवढ्यांतच आपली नजर फिरत राहते. बाहेर जाऊ लागली की काळोखाला टेकते व पुन्हा परतते.

या मांडणीचे मर्म त्या आडव्या हातात आहे. लहानपणी विजेरीच्या काचेवर हात ठेवून बोटे लाल झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रकाश मांसातून आरपार येताना रक्ताचा रंग घेऊन येतो. चित्रातील बोटांनाही तशीच लाली आहे. हात आडवा आला आहे, तरी तो उजेड अडवीत नाही, त्यास आपल्यातून जाऊ देतो. मुखावर उजेड आहे तो शांत आहे, हातावरचा उजेड मात्र जिवंत आहे. दिवा आणि मुलगी या दोन गोष्टी त्या बोटांत एक होतात.

फ्रान्समधील चित्रकार झॉर्झ द ला तूर याने सुमारे १६४२ साली रंगविलेले ‘सुतार संत जोसेफ’ हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातही हाच हात आहे. वृद्ध जोसेफ वाकून लाकडास भोक पाडीत आहे, आणि बाल येशू मेणबत्ती धरून उभा आहे. बालकाचा तळवा ज्योतीआड आहे, आणि त्याची बोटे उजेडाने पारदर्शक झाली आहेत. जमिनीवरचे लाकूड पुढच्या क्रूसाची आठवण देते. म्हाताऱ्याच्या कपाळावरील सुरकुत्या आणि मुलाचा निष्कलंक चेहरा यांना एकच ज्योत उजळते. दोन देश, दोन धर्म, तीनशे वर्षांचे अंतर, आणि तरी उजेड जपणारा हात तोच. हळदणकरांनी ते चित्र पाहिले होते असे आम्ही म्हणत नाही. तशी गरजही नाही. तिन्हीसांजेला देव्हाऱ्यातून तुळशीपर्यंत दिवा नेणाऱ्या आई-आजींचे हात ज्याने पाहिले, त्यास हा हात आणण्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही.

ला तूरची आणखी एक हकीकत आमच्या विषयाला फार जवळची आहे. १६५२ साली तो वारला आणि पुढे त्याचे नावच विसरले गेले. त्याची चित्रे इतरांच्या नावांवर नांदली. १९१५ साली हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकाने चित्रांतील साम्य ओळखून त्याच्या नावाची पुनःस्थापना केली. ज्यांनी चित्रे पाहिली त्यांनी नाव शोधले. आम्ही नाव आधीच ठरविले, म्हणून पाहण्याची गरज उरली नाही.

विस्मरणाची दोन कारणे

हळदणकरांचे नाव लोकांच्या ओठी का राहिले नाही? आमच्या मते यास दोन कारणे आहेत. चित्र पुरे झाले १९४६ च्या सुमारास. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या तरुणांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. चित्रकलेची दिशा पालटली. वास्तवदर्शी पद्धतीने रंगविलेली, दिवा घेतलेली मुलगी नव्या टीकाकारांना जुनी वाटू लागली. नव्या चित्रकारांना आम्ही दोष देत नाही, प्रत्येक पिढीस आपला दिवा लावण्याचा अधिकार आहे. दुसरे कारण याच्या नेमके उलट. सामान्य लोकांनी चित्र इतके आपले केले, की दिनदर्शिकेवर, भेटपत्रावर, दुकानाच्या भिंतीवर ते आले आणि त्याला कर्ता असतो हेच विसरले गेले. टीकाकारांच्या दुर्लक्षाने आणि लोकांच्या प्रेमाने मिळून एकच काम केले.

जगन्मोहन राजवाडा १८६१ सालचा, आणि त्यातील चित्रशाळा १९१५ पासूनची. सावंतवाडीचा मुलगा मुंबईत शिकतो, मुंबईत शिकवितो, आणि त्याचे सर्वांत लोकप्रिय चित्र कानडी मुलुखात म्हैसूरच्या राजवाड्यात राहते. चित्र आपली भाषा बोलत नाही, म्हणून त्यास परप्रांतात अडचण पडली नाही. ज्यांना त्यातील मुलगी कोण, चित्रकार कोण हे ठाऊक नव्हते, तेही त्यासमोर थबकत आले. परंतु आपण, ज्यांनी नाव सांगावयाचे, तेच चुकलो. परमुलुखात राहणाऱ्यांवर दोन जबाबदाऱ्या असतात असे आम्ही आजवर भाषणांतून सांगत आलो, की दिवा तेवत ठेवावा आणि तो कोणाचा हेही सांगावे. पहिली आपण पार पाडली. दुसरीत उणे पडलो.

दुरुस्ती

कार्यकारिणीच्या संमतीने सभागृहातील चौकटीखालची पट्टी आता बदलण्यात आली आहे. तीवर मराठीत व येथील भाषेत ‘सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी, १९४५-४६, जलरंग’ एवढेच लिहिले आहे. जुनी पट्टी आम्ही टाकून दिलेली नाही. ती मंडळाच्या दप्तरात ठेवली आहे, म्हणजे पुढील कार्यकर्त्यांस छापण्यापूर्वी पाहण्याचे स्मरण राहील.

वाचकांस एक विनंती. मुलांना चित्र दाखविताना ‘हे कोणी काढले?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे, की उजेड कोठून येतो? कोठपर्यंत पोचतो? त्याच्या शेजारी कोणता रंग ठेवला आहे, आणि का? काय दाखविले आहे, काय दाखविले नाही? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मुलांनी दिली की नाव सांगावे, आणि ते बरोबर सांगावे.

ज्या मुलीने म्हैसूरला ती पाटी वाचली, तिलाच आम्ही नवी पट्टी लावावयास सांगितले. खिळा ठोकताना चौकट हलू नये म्हणून तिच्या आजोबांनी खालून हात धरला होता.